नॉर्मल आहे म्हणले ना, मग तसं लिहून द्या म्हण

सेलूहून आलेलं पत्र, नाव छापू नका म्हणलीय म्हणून छापत नाही:

"काका, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या डिसेंबरात पप्पांनी कापसाच्या पट्टीतून ६८ हजाराचा लॅपटॉप ऑनलाइन घेऊन दिला. मार्चपासून तो गरम व्हायलाय, कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की दहा मिनिटात फॅन ओरडायला लागतो आणि फाटकन बंद पडतो. बाजूच्या जाळीतून हवा येते पण ती गरमसुद्धा लागत नाही. संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला तीनदा नेला. एप्रिलमधी म्हणले ऊन लई आहे, जुलैमधी विंडोज नवीन टाकून दिलं, सप्टेंबरात म्हणले टेस्टिंगमधी सगळं नॉर्मल आलंय. दर वेळी ओटीपी घेऊन कॉल, म्हणजे तक्रार, बंद केला. घरी पप्पा म्हणायलेत तूच काहीतरी केलं असशील. वॉरंटी डिसेंबरात संपते, सबमिशन तोंडावर आलंय. इथला एक दुकानवाला म्हणतो तीन हजारात पेस्ट बदलून देतो, पुन्हा काही होणार नाही. काय करू?"

लेकरा, तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी मला तुझ्या पप्पांशी बोलायचंय, हा भाग त्यांना वाचून दाखव.

भाऊ, पोरीनं काही केलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या लेकरानं लॅपटॉपवर कॅड चालवणं म्हणजे गैरवापर नव्हे, त्यासाठीच तर तुम्ही तो घेतलाय. नवा ट्रॅक्टर आणला आणि नांगर जोडल्यावर दहा मिनिटात बंद पडायला लागला तर तुम्ही ड्रायव्हरला बोलता का शोरूमला जाऊन उभे राहता? ६८ हजार म्हणजे तुमच्यासाठी काय असतात ते मला कळतं, कापूस वेचायला लावण्यापासून गाडी मोंढ्यात लावेपर्यंत काय काय करावं लागतं ते मी घरात बघितलंय, म्हणून राग येणं बरोबरच आहे, पण तो पोरीवर काढू नका. ती तीन वेळा एकटी मराठवाडा एक्सप्रेसनं ते मशीन मांडीवर घेऊन गेली आणि हात हलवत परत आली, तिला आता घरातून कोणीतरी सोबत पाहिजे.

आता तू ऐक. बाकी सगळं नंतर, आधी एक बघ. लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेव आणि खालून वरून नीट न्याहाळ. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय का, खालचं झाकण फुगलंय का, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतोय का. असं काही दिसलं तर तो चार्जिंगला लावू नको, चालू करू नको, आतली बॅटरी फुगायलीय असं समज. दाबून, टोचून बघू नको, फोटो काढ आणि त्याच दिवशी कंपनीला कळव. हे गरम होण्याच्या तक्रारीपेक्षा मोठं प्रकरण आहे, लिथियमची बॅटरी पेटते. तसं नसेल, सगळं सपाट असेल, तर पुढं वाच.

मी परभणीत बावीस वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवलं, त्यामुळं एक गोष्ट ठामपणे सांगतो, गरम होणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं. काउंटरवर ह्या दोन गोष्टी एकात एक मिसळतात आणि मग "लॅपटॉप गरम होतोच मॅडम" म्हणून तुला परत पाठवतात. होतो, खरंय. आजकालच्या पातळ लॅपटॉपात जोराचं काम चालू असताना प्रोसेसर, म्हणजे आतली मुख्य चिप, ९०-९५ डिग्रीला जातो, मला ते पटत नाही पण त्याला बिघाड म्हणता येत नाही, तसंच बनवलेलं असतं. बऱ्याचशा इंटेलच्या प्रोसेसरची वरची हद्द १०० डिग्री असते, तिथं टेकायला लागला की तो आपणहून वेग कमी करतो, ह्याला थ्रॉटलिंग म्हणतात, मशीन रेंगाळतं, कॅडमधी रेष ओढली की मागून येते, पण चालू राहतं. वेग पाडूनसुद्धा उष्णता आवरली नाही तरच ते स्वतःला वाचवायला एकदम बंद होतं. म्हणजे तुझा लॅपटॉप दर वेळी त्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन यायलाय, आणि चांगल्या मशीननं कॅडच्या कामात तिथपर्यंत जायलाच नाही पाहिजे. तू तक्रारीत पहिल्यांदा "खूप गरम होतो" असं लिहिलंस ना, तो शब्द काढ. "आपोआप बंद पडतो" असं लिही, दर वेळी, दर कागदावर.

आता पत्रात तू सहज लिहून गेलीस ती जाळीतल्या हवेची ओळ. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्यासाठी आतलं थोडं सांगावं लागेल. चिपवर तांब्याची पट्टी बसवलेली असते, दोघांच्या मधी थर्मल पेस्टचा पातळ थर, पट्टीतून तांब्याची चपटी नळी निघते आणि कडेच्या बारीक जाळीपर्यंत जाते. त्या नळीच्या आत थोडंसं पाणी असतं, चिपच्या टोकाला त्याची वाफ होते, जाळीच्या टोकाला थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि परत येतं, असं ते फिरत राहतं, आणि जाळीवर फॅन हवा मारत राहतो. एवढाच सगळा कारभार आहे. ह्यात बहुतेकदा दोनच ठिकाणी अडतं, एक तर जाळी चोंदते, नाही तर चिपची उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही.

जाळी चोंदणं आपल्याकडं लई. सेलू, मानवतकडून आलेला लॅपटॉप उघडला की घराजवळ जिनिंग आहे हे मला न विचारता कळायचं. फॅन आणि जाळीच्या मधी राखाडी रंगाचा थर बसलेला असायचा, वाकळीच्या कापडासारखा जाड, चिमट्यानं धरला की एकाच तुकड्यात सोलून निघायचा आणि बोटांवर वळला तर दिव्याची वात होईल इतका कापूस त्यात. अशा मशीनमधी तापमान हळूहळू चढतं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि काम थांबवलं तरी लवकर उतरत नाही. जाळीतून येणारी हवा थोडी येते पण हाताला चटका देणारी येते. तुझं उलटं आहे. फॅन जोरात, हवा भरपूर, आणि ती गारच. म्हणजे उष्णता चिपवरच बसून राहायलीय, जाळीपर्यंत येतच नाही. पट्टी नीट टेकलेली नसेल, कारखान्यात पेस्ट नीट लागली नसेल, नाही तर ती नळीच खराब असेल, ह्या तिन्हीतलं काहीही असलं तरी ते तू केलेलं नाही, ते बनवतानाचं आहे. ह्याची आणखी एक खूण म्हणजे काम सुरू करताच काही सेकंदात तापमानाचा आकडा ५०-५५ वरून ९५-१०० ला उडी मारतो आणि काम थांबवलं की तसाच झपकन खाली येतो. हे तुझ्याकडं होतंय का ते बघायचं, आणि बघताना त्याचा पुरावा करायचा.

सकाळी सहाला उठ. दुपारी करू नको, का ते पुढं सांगतो. रात्रभर खिडकी उघडी ठेव, खोली गार होऊ दे. आधी एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर घालून ठेव, फुकट आहे, प्रोसेसरचं तापमान आणि वेग दोन्ही दाखवतं. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर आण. लॅपटॉप गादीवर नको, उशीवर नको, लाकडी पाटावर किंवा टेबलावर. बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला, म्हणजे लाईट गेली होती असं कोणी म्हणायला नको. मग भावाच्या नाही तर मैत्रिणीच्या हातात मोबाईल दे आणि एकाच शॉटमधी, मधी कुठं न तोडता, व्हिडिओ काढायला सांग. आधी थर्मामीटर जवळून, २६ असेल तर २६ वाचता आलं पाहिजे, मग स्क्रीनवरची तारीख-वेळ, मग मशीनच्या मागचा सिरीयल नंबर, मग कॅड उघडताना, आकडे चढताना, जाळीसमोर हात धरलेला, आणि मग बंद पडताना. बोलायची गरज नाही, पंख्याचा आवाज आपोआप येतो. असं तीन वेगवेगळ्या दिवशी कर. मशीन परत चालू झालं की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधी, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, जा, तिथं कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं, त्यानं कारण सिद्ध होत नाही पण तारीख आणि वेळ सिद्ध होते. मार्चपासूनच्या अशा नोंदी बघायला मिळाल्या असत्या, पण जुलैमधी विंडोज नवीन टाकलं तेव्हा त्या पुसल्या गेल्या. जुलैनंतरच्या आहेत त्या सगळ्यांचे फोटो काढून ठेव.

हे करायच्या आधी कंपनीच्याच साइटवरून बायोसचं, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरचं, नवं अपडेट आलंय का बघ आणि असेल तर चार्जर लावून टाकून घे. कधी कधी खरंच दोष तिथं असतो. जुलै २०१८ मधी ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोचा वेग गरम झाल्यावर फारच पडायलाय अशी ओरड झाली होती, तेव्हा कंपनीनं फर्मवेअरमधली, म्हणजे अशाच आतल्या सॉफ्टवेअरमधली, चूक कबूल केली आणि काही दिवसात अपडेट दिलं. तुझं त्यानं सुटलं तर आनंदच आहे, नाही सुटलं तर "आधी बायोस अपडेट करा" म्हणून चौथी चक्कर तरी होणार नाही.

सहा वाजताच का, तर हे ऐक. लॅपटॉपसोबत येणारं माहितीपत्रक कोणी वाचत नाही, त्यात मागं कुठं तरी ऑपरेटिंग टेम्परेचर लिहिलेलं असतं, बऱ्याच कंपन्यांचं ३५ डिग्रीपर्यंत असतं. आपल्याकडं मार्चच्या शेवटीच दुपारी ३८ होतं, मे महिन्यात परभणी, नांदेडात ४२-४३ ला काय नवल नसतं, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नको. म्हणजे कागदावर बघितलं तर मराठवाड्यात वर्षातले तीन महिने दुपारी तो लॅपटॉप वापरायचाच नाही. मला ह्याचा खरंच संताप येतो. ऑर्डर घेताना ह्यांना सेलूचा पिनकोड चालतो, पैसे सेलूचे चालतात, आणि तक्रार आली की सेलूचं ऊन चालत नाही. हे ३५ खोक्यावर मोठ्या अक्षरात छापा ना, मग घेणारा ठरवंल. पण ह्यावर काउंटरवर वाद घालून तुझा काही फायदा नाही, त्यांच्या हातातलं ते कारणच काढून घ्यायचं. २६ डिग्रीच्या खोलीत मशीन बंद पडलेलं दिसलं की एप्रिलमधलं "ऊन लई आहे" तिथंच संपतं.

आता दुकानवाल्याची तीन हजाराची पेस्ट. तो फसवायलाय असं मी म्हणत नाही, मीही हेच काम करून पोट भरलंय, आणि कदाचित त्यानं तुझं मशीन ठीकही होईल. पण आत्ता नको. पट्टी काढली, पेस्ट पुसली की कारखान्यातून ते कसं आलं होतं त्याचा पुरावा गेला, आणि पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाला स्क्रूवरचे ओरखडे दाखवून सीआयडी लावतो, म्हणजे गिऱ्हाईकानं केलेलं नुकसान, मग वॉरंटी असून नसल्यासारखी. वॉरंटीत एक दिवस जरी उरला असला तरी बाहेर उघडू नको. सबमिशनसाठी तात्पुरतं असं कर, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधी मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट असतं, ते १०० चं ९९ कर, त्यानं बहुतेक मशीनमधी टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, वेग थोडा पडतो पण उष्णता बरीच उतरते. मोठं ड्रॉइंग असेल तर कॉलेजच्या लॅबमधी बस. फक्त व्हिडिओ काढायच्या दिवशी ते परत १०० करायचं विसरू नको.

आता माझं स्वतःचं सांगतो, आनंदानं सांगायची गोष्ट नाही. २०१३ साली मी बायकोसाठी लॅपटॉप घेतला, ती शाळेत शिकवते. सहा महिन्यात स्क्रीन काळी पडायला लागली. कंपनीचं नाव घेत नाही. तीन वेळा नेला, तिन्ही वेळा त्यांनी काहीतरी करून दिलं, दोन आठवडे चालला की पुन्हा तेच. मी ह्याच धंद्यातला माणूस, तिथल्या पोरांना ओळखणारा, त्यामुळं जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, काय लिहिलंय ते न बघता सही करत गेलो. वॉरंटी संपल्यावर मदरबोर्डच, म्हणजे आतली मुख्य पाटीच, गेला आणि भांडायला बसलो तेव्हा ते कागद काढले, तर तिन्हीवर एकच ओळ होती, ओएस रीइन्स्टॉल केलं, ग्राहकाचं समाधान झालं, खाली माझी सही. म्हणजे कागदाप्रमाणं मशीनला कधी हार्डवेअरचा त्रास नव्हताच. पुढं मला काही करता आलं नाही, बोर्डाचे पैसे खिशातून गेले. पैशापेक्षा त्या सहीचं मला अजून लागतं, म्हणून तुझ्या पत्रात ओटीपीचं वाचलं आणि पोटात कालवलं.

ओटीपी म्हणजे तुझी सही आहे, लेकरा. "कॉल क्लोज करायचाय, ओटीपी सांगा" हे ते इतक्या सहज म्हणतात की माणूस सांगून टाकतो, पण त्याचा अर्थ काम झालं आणि मला मान्य आहे असा लागतो. इथून पुढं मशीन तिथंच चालू करून, कॅड उघडून, पंधरा मिनिटं चालवून बघितल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. चिडू नको, आवाज चढवू नको, समोरचा पोरगा बहुतेकदा कंपनीचा नसतोच, एजन्सीकडं पगारावर असतो आणि त्याच्यावर कॉल बंद करायचा दाब असतो. त्याला एवढंच म्हण, दादा, नॉर्मल आहे म्हणताय ना, मग जॉबशीटवर तसं लिहून द्या, कोणती टेस्ट केली, किती वेळ केली, तापमान किती आलं, आणि शिक्का मारा. नॉर्मल असेल तर लिहायला हरकत कसली? माझा अनुभव असा आहे की लिहायची वेळ आली की तेच मशीन आतल्या टेबलावर जातं आणि नीट बघितलं जातं.

पप्पांना विचार, ते मोंढ्यात माल काट्यावर टाकल्यावर काटापट्टी हातात आल्याशिवाय जागचे हलतात का? अडत्या ओळखीचा असला, सोयरा असला तरी हलत नाहीत. तसंच करायचं. मशीन देताना चारी बाजूंचे फोटो, जॉबशीटवर तक्रार आपल्या शब्दात, म्हणजे "कॅड सुरू केल्यावर ५ ते १० मिनिटांत लॅपटॉप आपोआप बंद पडतो, खोलीचं तापमान २६ डिग्री, जाळीतून गार हवा येते, व्हिडिओ दाखवला आहे" एवढं सगळं. जागा कमी आहे म्हणले तर मागच्या बाजूला लिही. इंग्रजीत पाहिजे म्हणले तर घरूनच इंग्रजीत टाइप करून प्रिंट ने आणि जोडायला लाव. देण्याआधी डेटाचा बॅकअप घे, बोर्ड किंवा एसएसडी, म्हणजे फाइली साठवायचा भाग, बदलली तर सबमिशन जाईल, आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

पण त्याहीआधी संभाजीनगरला जायची गरज आहे का तेच बघ. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाक, वॉरंटीच्या प्रकारात ऑनसाइट लिहिलेलं असेल तर इंजिनिअर घरी यायला पाहिजे. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपना पहिलं वर्ष ऑनसाइट असतं आणि गिऱ्हाईकाला ते माहीतच नसतं, दीडदोनशे किलोमीटर फेऱ्या मारत बसतं.

मागायचं काय हेही नक्की ठरव. सरळ "नवीन लॅपटॉप द्या" म्हणलं की ते ऐकणं बंद करतात. आधी लेखी माग की हीटसिंक, म्हणजे ती तांब्याची पट्टी-नळी-जाळी, आणि फॅन बदलून द्या, आणि त्यानं नाही भागलं तर मदरबोर्ड. बदललेला पार्ट कोणता, नवा का रिफर्बिश्ड (जुना दुरुस्त केलेला), तेही जॉबशीटवर घे, बऱ्याच कंपन्यांच्या अटीत बदललेल्या पार्टला ९० दिवस किंवा उरलेली वॉरंटी, जे जास्त असेल ते मिळतं. एवढं करूनही तेच झालं, तर मग बदलून द्या नाही तर पैसे परत द्या हे म्हणायला तुझ्याकडं पाया असंल. काउंटरवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणतील, ती आत्ता नको. नव्या वॉरंटीनं जुना दोष जात नाही.

कंपन्या आपणहून कबूल करतात असं नाही पण कबूल केल्याचं रेकॉर्ड आहे, ते माहीत असू दे. ऑगस्ट २००६ मधी डेलनं ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या, त्यातले सेल सोनीचे होते आणि ते पेट घेत होते. जुलै २००८ मधी एनव्हिडियानं लॅपटॉपच्या काही ग्राफिक्स चिपमधलं मटेरियल कच्चं निघालं म्हणून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. २०११ च्या मॅकबुक प्रोमधला ग्राफिक्सचा बिघाड ॲपलनं फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली ती फेब्रुवारी २०१५ मधी, तोपर्यंत लोकांनी किती पैसे घातले असतील विचार कर. त्यामुळं तुझ्याच मॉडेलला हाच त्रास दुसऱ्या कोणाला आहे का ते कॉलेजमधी विचार, एकाच मॉडेलचे दोघं-तिघं निघाले तर प्रत्येकानं आपापल्या सिरीयल नंबरनं वेगळी तक्रार द्या.

तिसरा व्हिडिओ झाला की ईमेल. फोन नको, फोनचं काही हातात राहत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि ज्या ऑनलाइन साइटवरून घेतला त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यालाही, दोघांना एकाच मेलमधी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मेलमधी रडगाणं नको, तारखा पाहिजेत, कधी घेतला, कधी कधी नेला, दर वेळी काय सांगितलं, जॉबशीट नंबर, व्हिडिओची लिंक, आणि पंधरा दिवसात हे करा नाही तर ग्राहक आयोगात जाईन असं एक वाक्य. त्याच दिवशी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदव, मराठीत बोलता येतं, ते कंपनीला कळवतात आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. वॉरंटीच्या तारखेच्या आत नोंदवलेली तक्रार ही वॉरंटीतलीच तक्रार, म्हणून हे सगळं नोव्हेंबरातच व्हायला पाहिजे.

त्यातूनही नाही झालं तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग. वॉरंटी कार्डावर वाद फक्त दिल्ली किंवा बेंगळुरूच्या कोर्टात असं छापलेलं असतं, त्याला घाबरू नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ आहे, तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल होते, कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. बिल पप्पांच्या नावावर असलं तरी त्यांच्या संमतीनं वापरणारी म्हणून तू ग्राहकच आहेस. फक्त तिथं दोष बनवतानाचा आहे हे दाखवावं लागतं आणि बऱ्याच तक्रारी तिथंच अडतात, आयोग वस्तू तपासायला प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो, पण त्याआधी तुझ्या कॉलेजच्या एखाद्या सरांनी मशीन न उघडता तपासून दोन ओळी लिहून दिल्या तर लई उपयोग होतो. वेळ लागतो, कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत पण त्यापेक्षा जास्त धरून चाल. अर्ज लिहायला अडलीस तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मदत करतात, १९७४ पासून हे काम चालू आहे.

तू जॉबशीटचे फोटो पाठवलेस त्यातल्या एप्रिलच्या कागदाची खालची बाजू कापली गेलीय, तारीख आणि शिक्का दोन्ही दिसत नाही. सप्टेंबरच्या कागदावर "रिमार्क" पुढं काहीतरी पेनानं लिहिलंय ते वाचता येत नाही. तिन्ही कागद उजेडात सपाट ठेवून परत काढ आणि पाठव, मेलचा मसुदाही पाठव, मी बघून देतो.